माघातलं पाणी

कचारगडला जायचं तर माघ पौर्णिमेला, असं गोंदियाकडे कुणालाही विचारलं तरी सांगतील. हावडा-मुंबई मार्गावर गोंदियाहून डोंगरगडकडे निघालेली गाडी सालेकसा सोडल्यावर डोंगरात शिरते. दरेकसा हे महाराष्ट्राच्या हद्दीतलं त्या बाजूचं टोक. पुढे बोरतलाव, पनियाजोब ही स्टेशनं छत्तीसगडची. दरेकशाजवळच्या धनेगावाहून पायवाट जंगलातून कचारगडच्या गुहांकडे चढते. जत्रेच्या दिवसांत ही वाट पिवळ्या फेट्यांनी, सप्तरंगी झेंड्यांनी आणि ‘जय सेवा’च्या घोषानं भरून जाते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा चहूकडच्या राज्यांतून गोंड समाजाची माणसं इथे येतात. हे आपलं मूळस्थान, असं ते मानतात.

ही जत्रा येते जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत. पाऊस जाऊन साडेतीन-चार महिने झालेले असतात. खालच्या बांध्यांमधला धान कापून, मळून झालेला असतो, लहान नाले आटायला लागलेले असतात. अशा वेळी डोंगरावरच्या कातळातून पाणी झिरपताना दिसलं की माणूस थबकतो. गुहेतलं पाणी भाविकांना पवित्र वाटतं यात नवल नाही. मात्र ते पाणी इथे कसं येतं आणि टिकतं कसं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मला तो गुहेच्या आकाराइतकाच महत्त्वाचा वाटतो. ही गुहा आशियातली सर्वांत मोठी आहे असं फलकांवर आणि बातम्यांत वारंवार लिहिलेलं असतं. त्या वादात शिरायचं कारण नाही. गुहा मोठी आहे, आणि तेवढं पुरे.

आधी गोष्ट सांगतो, कारण या डोंगराकडे लोक तिच्यामुळेच येतात. कोया पुनेम या गोंड धर्माच्या परंपरेनुसार काली कंकालीची तेहतीस मुलं शंभूनं या गुहेत कोंडली आणि दारावर प्रचंड शिळा लावली. पुढे पारी कुपार लिंगोनं त्यांना सोडवायचं ठरवलं. जंगो रायताड त्या मुलांची पालनकर्ती, आणि हिरासुका पाटालीर हा वादक. त्याच्या वाद्याच्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, शिळा सरकली, मुलं बाहेर पडली. आणि त्याच शिळेखाली हिरासुका चिरडला गेला. लिंगोनं पुढे या मुलांना सगा, म्हणजे कुळसमूह, आणि गोत्रं यांची घडी घालून दिली. एकेका गोत्राकडे एक झाड, एक प्राणी आणि एक पक्षी जपायला दिला, असं परंपरा मानते. निसर्गरक्षणाच्या आजच्या योजना आखणाऱ्यांनी या वाटणीकडे जरा नीट पाहायला हवं.

या कथेचा लिखित माग दीडशे वर्षांहून जुना आहे. नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधान, म्हणजे गोंडांच्या भाट समाजातल्या, गायकाकडून लिंगोचं लांबलचक गीत उतरवून घेतलं होतं. त्यांची टिपणं रिचर्ड टेम्पल यांनी संपादित करून १८६६ साली प्रसिद्ध केली. त्या पाठात महादेव गोंडांना खारीच्या मागे पळवत गुहेत नेतो आणि सोळा हात लांब दगडानं तोंड बंद करतो. चौघे तेवढे निसटतात आणि काचीकोपा लाहुगडला जाऊन राहतात. म्हणजे कोंडलेली माणसं एका जागी आणि काचीकोपा दुसऱ्या जागी. नंतरच्या गोंड अभ्यासकांनी काचीकोपा लोहागड म्हणजेच कचारगड असं मानलं आणि कोंडल्याची गुहाही हीच ठरवली. मौखिक परंपरेत असं होतंच. एकाच कथेचे दोन पाठ शेजारी शेजारी नांदतात. हिस्लॉप यांच्या पाठात सुटका झालेल्या गोंडांवर लगेच पुराचं संकट येतं. ते नदीकाठी स्वयंपाक करत बसलेले असताना नदी फुगते, आणि मागे राहिलेल्या चौघांना कासव पाठीवरून पार नेतं. हिस्लॉप स्वतः १८६३ मध्ये नागपूरजवळ पावसाळ्यात फुगलेला नाला ओलांडताना बुडून गेले. ते भूशास्त्राचेही जाणकार होते. नागपूर परिसरातले खडक आणि जीवाश्म यांवर त्यांनी लिहिलेलं आजही उल्लेखलं जातं. गोंडांची गाणी आणि गोंडवनातले दगड, दोन्ही एकाच माणसाच्या वहीत होते, ही गोष्ट मला फार आवडते.

जत्रेचं आजचं रूप मात्र अलीकडचं आहे. १९८०च्या दशकात नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी कथेतल्या जागांचा शोध घेत इथे यात्रा सुरू केली. कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरीला होते आणि उरलेला सगळा वेळ गोंडी भाषा, लिपी आणि धर्म यांच्या अभ्यासाला देत. मोजक्या माणसांनी लावलेल्या त्या झेंड्यांमागे आज लाखोंची गर्दी येते.

आता पाणी. डोंगराच्या पोटातून पाणी निघतं तेव्हा ते येतं कुठून, यावर माणसानं दोन हजार वर्षं चुकीची उत्तरं दिली, आणि ती उत्तरं मोठ्या मोठ्या माणसांची होती. अ‍ॅरिस्टॉटलला वाटलं, डोंगरातल्या गार गुहांमध्ये हवेचंच पाणी होतं. गुहेची भिंत ओलसर लागली की हा विचार आजही आपसूक मनात येतो. दमट हवेचे थेंब गार दगडावर जमतात हे खरंही आहे, पण त्यातून वर्षभर वाहणारा झरा होत नाही. दुसरं एक मत होतं की समुद्राचं पाणी जमिनीखालून चढत चढत डोंगरात येतं आणि वाटेत त्यातलं मीठ गाळलं जातं. पाऊस एवढ्या झऱ्यांना आणि नद्यांना पुरणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. पण मोजून कुणी पाहिलं नव्हतं.

मोजलं ते पिएर पेरो या फ्रेंच माणसानं. सिंड्रेलाची गोष्ट लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा हा भाऊ, सरकारी कर-वसुलीतला अधिकारी, पुढे पदावरून गेलेला. १६७४ मध्ये त्यानं झऱ्यांच्या उगमावर पुस्तक छापलं. सीन नदीच्या उगमाकडच्या पट्ट्यात पडणारा पाऊस आणि त्या पट्ट्यातून वाहून जाणारं नदीचं पाणी यांचा त्यानं हिशेब मांडला. पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारे सहापट भरला. नद्यांना पुरून उरेल एवढा पाऊस आकाशातून पडतोच, समुद्राला डोंगर चढायची गरज नाही, हे तिथे सिद्ध झालं. आपल्याकडे त्याच्या हजारेक वर्षं आधी वराहमिहिरानं बृहत्संहितेत दकार्गल नावाचं अख्खं प्रकरण भूजलावर लिहिलं. शरीरात शिरा असतात तशा जमिनीत पाण्याच्या शिरा आहेत, असं त्याचं म्हणणं. जांभळाच्या झाडाजवळ वारूळ असेल तर कुठल्या बाजूला, किती पुरुष (माणसाच्या उंचीचं माप) खोल पाणी लागेल, अशी गणितं तो देतो. सगळ्या खुणा बरोबर नसल्या, तरी कठीण खडकात पाणी सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, ते ठरावीक वाटांनी जातं, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. कचारगडसारख्या ठिकाणी हीच गोष्ट कळीची आहे.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या बेसाल्टचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पुण्या-नाशिककडचा माणूस म्हणून डोंगर म्हटला की टप्प्याटप्प्यांचा, सपाट माथ्याचाच समजतो. गोंदिया या बेसाल्टच्या प्रदेशाबाहेर आहे. दरेकसा, सालेकसा, डोंगरगड या पट्ट्यातले खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षं जुने, म्हणजे सह्याद्रीच्या वयाच्या तीसपटींहून अधिक. इथे ग्रॅनाइट आहे, रायोलाइट आहे आणि त्यांच्यावर साचून कडक झालेले प्राचीन वालुकाश्म आणि गोटेमिश्रित खडकही आहेत. रायोलाइट हाही ज्वालामुखीतूनच आलेला, पण बेसाल्टच्या लाव्ह्यासारखा पातळ होऊन पसरलेला नव्हे. चिकट, स्फोटांनी उडालेला, राखेसकट थापला गेलेला. भूशास्त्रज्ञ त्याला बिजली रायोलाइट या नावानं ओळखतात.

या खडकांपैकी एकही चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. मेघालयात किंवा बस्तरच्या कुटुमसरला गुहा झाल्या त्या पाण्यानं चुनखडक खात खात. इथल्या पट्ट्यात ते घडत नाही. इथे खडकाला भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी आणि मुळं शिरतात, ऊन-थंडीनं कडा सुटतात, आणि लाखो वर्षांत तुकड्यामागून तुकडा निखळून पोकळी तयार होते. म्हणजे गुहा आणि झरा ही दोन्ही भेगांचीच करणी. जिथे भेगा दाट, तिथे कातळ कोसळतो आणि तिथेच पाणीही वाट काढतं. गुहेत पाणी असणं हा निव्वळ योगायोग समजू नये.

अशा अखंड दिसणाऱ्या दगडात मावतं तरी किती पाणी? नदीकाठच्या वाळूत कणाकणांमध्ये पोकळी असते. घनमीटरभर वाळूत दोनशे लिटर पाणी सहज राहतं. ग्रॅनाइट-रायोलाइटच्या घट्ट दगडात जवळजवळ काहीच राहत नाही. भेगाळलेल्या भागातही घनमीटरमागे दहा-वीस, फार तर तीस लिटर. खरा साठा असतो तो वरच्या मुरमाच्या थरात. कातळ कुजून भुसभुशीत झालेला हा थर कुठे दोन हात, कुठे दहा-पंधरा मीटर जाड असतो. पावसाचं पाणी आधी पालापाचोळ्यात, मग मातीत, मग मुरमात उतरतं. मुरूम ते धरून ठेवतो आणि खालच्या भेगांना हळूहळू देत राहतो. भेग उतारावर जिथे उघडी पडते, तिथे झरा. ती उघडी जागा फक्त दार आहे. घर वरच्या उतारावर पसरलेलं असतं, आणि भेगा तिरक्या असतील तर कदाचित डोंगराच्या दुसऱ्याच बाजूला.

हिशेब करून पाहू. गोंदिया भागात वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. १३०० धरले, तर एक हेक्टर उतारावर वर्षाला १ कोटी ३० लाख लिटर पाणी पडतं. ऐकायला प्रचंड वाटतं. त्यातलं बरंचसं आषाढ-श्रावणात नाल्यांनी वाहून जातं, पुष्कळ झाडांच्या पानांतून आणि मातीतून हवेत परततं. कठीण खडकाच्या प्रदेशात खोल मुरणारं पाणी पाच-दहा टक्क्यांच्या आसपास मानतात. आठ टक्के धरू: दहा लाख लिटर. ते वर्षभर सारखं झिरपलं, तर मिनिटाला दोन लिटर, दिवसाला २८८० लिटर. केंद्राच्या जल जीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावं असं ठरवलं आहे. त्या मापानं हा झरा बावन्न माणसांचा झाला. एक हेक्टर चांगलं जंगल, बावन्न माणसं. कुठल्याही डोंगरी पाड्याचा झरा या पट्टीवर तपासता येतो.

जत्रेलाही हीच पट्टी लावता येते. मिनिटाला दोन लिटरच्या झऱ्यातून प्रत्येकानं पन्नास मिलिलिटरची एक लहान ओंजळ घेतली, तर दिवसभरात सत्तावन्न हजारांवर लोकांना पाणी मिळतं. ओंजळीऐवजी प्रत्येकानं लिटरची बाटली भरली, तर जेमतेम तीन हजारांना. तीर्थ म्हणून लहानसा झराही हजारोंना पुरू शकतो; तहान भागवायची म्हटलं की गणित कोसळतं. म्हणून जत्रेत पिण्याच्या पाण्याची सोय वेगळी करावीच लागते, आणि झऱ्याकडून ती अपेक्षा ठेवू नये.

हे गणित करताना मी एक लबाडी केली आहे: झरा वर्षभर सारखा वाहतो असं धरलं. तसं होत नाही. बुडाशी बारीक भोक पडलेला रांजण भरलेला असताना धार जोरात असते आणि पातळी उतरेल तशी ती मंदावत जाते, तसाच झराही. भाद्रपदात मिनिटाला दहा लिटर देणारा झरा माघात तीनवर आणि वैशाखात अर्ध्या लिटरवर येऊ शकतो. ही उतरण किती वेगानं होते त्यावरून डोंगराची प्रकृती कळते. मुरूम जाड आणि जंगल दाट असेल तर उतरण सावकाश. माथा उघडा असेल तर दिवाळीलाच धार तुटते. म्हणून माघातलं पाणी पाहून झऱ्याचं कौतुक करणाऱ्यानं अक्षय तृतीयेच्या आसपासही एकदा यावं. झऱ्याची खरी परीक्षा तेव्हा असते, आणि तेव्हा तिथे जत्रा नसते.

गंमत म्हणजे झऱ्याच्या पाण्याचं तापमान या काळात फारसं बदलत नाही. जमिनीत काही मीटर खाली वर्षभर एकच तापमान असतं, त्या जागेच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास. गोंदियाकडे ते सव्वीस-सत्तावीस अंश. माघातल्या पहाटे हवा बारा-तेरा अंशांवर असते तेव्हा झऱ्याचं पाणी कोमट लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा तेच पाणी थंडगार वाटतं. चमत्कार मानलं जाणारं हे वर्तन म्हणजे पाणी पुरेसं खोलवरून येत असल्याचा पुरावा आहे. ज्या झऱ्याचं पाणी उन्हाळ्यात हवेबरोबर तापतं, तो वरवरचा.

सगळे झरे एकाच तऱ्हेनं चालत नाहीत. महाबळेश्वरला माथ्यावर जांभ्या दगडाचं टोपण आहे, भोकाभोकांचं. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस ते पिऊन घेतं आणि खालच्या घट्ट बेसाल्टच्या सीमेवर सोडतं. कृष्णा-कोयनेचे उगम तिथे. राजापूरजवळच्या उन्हाळे गावची गंगा तर वेळापत्रक घेऊन येते. साधारण तीन वर्षांनी अचानक प्रकट होते, चौदा कुंडं भरतात, काही महिने राहते आणि जाते. अलीकडे तिचं येणं-जाणं बेभरवशाचं झालं आहे. खडकाच्या पोटातली पोकळी काठोकाठ भरली की वाकड्या नळीसारख्या भेगेतून एकदम उपसली जाते, म्हणजे नैसर्गिक सायफन, असं तिचं स्पष्टीकरण दिलं जातं. कचारगडच्या बाजूला असं काही नाट्य नाही. इथला साठा लहान, पाझर बारीक, आणि डोंगररांगही एका मोठ्या जलविभाजकाजवळची: अलीकडचं पाणी वाघ नदीतून वैनगंगेला आणि अखेर गोदावरीला जातं, पूर्वेकडचं शिवनाथमार्गे महानदीला. जलविभाजकाजवळच्या झऱ्याला मागून फार मोठा डोंगर लाभत नाही. जे काही आहे ते डोक्यावरच्या उतारावरचं.

आणि त्या उतारावर फाल्गुनात आग लागते. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायची जुनी पद्धत आहे. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही आग लावतात. मोह आणि तेंदूपत्ता हे इथल्या घरांचं उन्हाळ्यातलं रोख उत्पन्न. शहरात बसून या माणसांना नावं ठेवणं सोपं आहे, आणि मला त्यात रस नाही. पण पाण्याच्या बाजूनं काय होतं ते पाहावं लागेल. पाला जळाला की पावसाचा पहिला मारा थेट उघड्या मातीवर बसतो, राख आणि बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात, वरचा थर टणक होतो. रोहिणी-मृगाच्या पहिल्या सरी मुरण्याऐवजी उतारावरून धावतात. मोहाच्या झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरून फुलं गोळा करण्याचे प्रयोग विदर्भात ठिकठिकाणी झाले आहेत. झऱ्यासाठी काय करावं असं मला कुणी विचारलं, तर बंधाऱ्याआधी मी त्या जाळ्यांचं नाव घेईन.

पाणी निर्मळ दिसतं, प्यावं का? खडकातून गाळून आलेलं पाणी शुद्धच असणार, ही समजूत भेगाळ खडकाच्या बाबतीत धोक्याची आहे. वाळूतून जाताना पाणी खरोखर गाळलं जातं. रुंद भेगेतून ते सरळ वाहत येतं, आणि वर गुरं चरत असतील, माणसं उघड्यावर बसत असतील, तर ते सगळं घेऊन येतं. गुहेत वटवाघळं असली तर तीही भर घालतात. चव आणि पारदर्शकपणा यांवर विसंबणं किती महाग पडतं ते लंडनमधल्या १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत दिसलं. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी चवीला आवडतं म्हणून दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई ते बाटलीतून मागवून पीत असे. तिच्या आसपास कॉलरा नव्हता. ती मात्र कॉलऱ्यानं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी पंपाला दोषी ठरवताना हा पुरावा मांडला.

तपासणी आज अवघड राहिलेली नाही. ग्वाल्हेरमधल्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक साधी बाटली शोधून काढली. तिच्यात पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. गावोगावी ही बाटली वापरली जाते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू एकही आढळता कामा नये. एक गोष्ट मात्र झऱ्याच्या बाजूनं आहे. कठीण खडकात खोल बोअर घेतली की पाणी वर्षानुवर्षं दगडाला चिकटून राहिलेलं असतं, आणि ग्रॅनाइटी खडकात त्यात फ्लोराइड उतरू शकतं. लिटरला एक मिलिग्रॅम ही त्याची योग्य मर्यादा. पर्याय नसेल तर दीड. त्याच्या वर सतत गेलं की दातांवर डाग आणि पुढे हाडं वाकणं. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांनी हे भोगलं आहे. उथळ झऱ्याचं पाणी दगडात थोडाच काळ राहिलेलं असल्यानं या दोषापासून बहुधा सुटतं. जंतू उकळून मारता येतात, फ्लोराइड उकळून जात नाही. म्हणून चांगला झरा सोडून खोल बोअरकडे धावणं हा नेहमीच शहाणपणा नसतो.

झऱ्याची सर्वाधिक हानी बहुतेक वेळा त्याच्यावर प्रेम करणारेच करतात. निधी आला की आधी तोंडाशी काँक्रीटची टाकी, मग फरशी, मग रेलिंग, मग फलक. टाकीची भिंत उंच केली की आत पाण्याची पातळी चढते, झऱ्यावर उलटा दाब येतो, आणि पाणी शेजारची दुसरी भेग शोधून निघून जातं. लोक म्हणतात देव रुसला. याहून वाईट म्हणजे झऱ्याच्या वरच्या बाजूला घेतलेली बोअर. मिनिटाला दोन लिटरच्या झऱ्यामागचा साठा अर्ध्या अश्वशक्तीचा पंपसुद्धा सहज ओढून घेतो. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानं देशात सुमारे पन्नास लाख झरे असल्याचा अंदाज दिला, त्यातले तीस लाख हिमालयात. आणि तिथले कितीतरी आटत चालल्याचं सांगितलं. त्याच हिमालयात सिक्कीमनं २००८ पासून धारा विकास ही मोहीम चालवली. तोंडाशी बांधकाम न करता आधी खडकाच्या थरांचा आणि भेगांचा कल पाहून झऱ्याला पाणी देणारा उतार शोधायचा, आणि चर तिथे खणायचे, ही तिची रीत. पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम या संस्थेतल्या भूजलतज्ज्ञांचा अशा कामांत मोठा वाटा आहे. चर चुकीच्या उतारावर खणले तर पाणी मुरतं खरं, पण शेजारच्या गावाच्या झऱ्यात जातं!

कचारगडचा उतार कुणाचा, हा प्रश्न इथे येतोच. जमीन वनखात्याची, श्रद्धा देशभरच्या गोंडांची, रोजचं पाणी आणि मोहफुलं धनेगावसारख्या गावांची. २००६ च्या वनहक्क कायद्याचं पाचवं कलम यासाठी वाचण्यासारखं आहे. हक्कधारकांनी आणि ग्रामसभेनं लगतची पाणलोट क्षेत्रं आणि पाण्याचे स्रोत पुरेसे सुरक्षित राहतील हे पाहावं, असा अधिकार आणि जबाबदारी ते स्पष्ट शब्दांत देतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर विदर्भातल्या शेकडो ग्रामसभा या वाटेनं गेल्या. मात्र त्यांच्या आराखड्यांत बांबू आणि तेंदूला जेवढी पानं मिळतात तेवढी झऱ्यांना क्वचितच मिळतात.

पहिली नोंद करायला फारसं काही लागत नाही. दहा लिटरची बादली, मोबाइलमधलं घड्याळ आणि शाळेची वही. दर पौर्णिमेला धारेखाली बादली धरायची, ती भरायला लागलेले सेकंद लिहायचे, जमल्यास तापमान आणि त्या महिन्याचा पाऊसही. साठ सेकंदांत भरली तर मिनिटाला दहा लिटर, तीनशे सेकंदांत भरली तर दोन. पौर्णिमा ठरवली तर माघातला आकडा जत्रेच्या दिवशी आपोआप मिळतो, आणि त्या दिवशी बादली धरायला हातांची कमतरता नसते. अडचण येईल ती चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठाच्या तीन नोंदींची. वरच्या उतारावर बोअर घेऊ द्यायची की नाही, हे ग्रामसभेत ठरवताना नेमक्या त्याच तीन नोंदी लागतात.